गुन्हेशोध मालिकांवरील चाहत्यांच्या सणकथा

दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोध मालिकेतील पात्रे घेऊन तिच्या चाहत्यांनी नाताळ, नववर्ष, दिवाळी अशा सणांच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या प्रेमप्रधान कथांना सणकथा म्हणता येईल. हा फॅन फिक्शन अर्थात चाहतेलेखनाचा एक उपप्रकार आहे. मूळ मालिका जेथे थांबते तेथून पुढे, किंवा तिच्या दोन भागांमधील रिकाम्या काळात, या कथा घडतात. त्या मोबदल्याविना लिहिल्या जातात आणि बहुधा टोपणनावाने प्रसिद्ध होतात.

== स्वरूप ==
गुन्हेशोध मालिकेचा प्रत्येक भाग सहसा एका गुन्ह्याने सुरू होतो आणि त्याच्या उकलीने संपतो. त्यामुळे तपास करणाऱ्या दोन प्रमुख पात्रांमधील आकर्षण कथेच्या कडेला राहते. ते वर्षानुवर्षे अपूर्ण ठेवणे निर्मात्यांच्याही सोयीचे असते, कारण प्रेक्षकांची उत्सुकता त्यावर टिकून राहते. सणाच्या दिवशी मात्र कचेरी बंद असते, पात्रे घरी असतात आणि त्यांना एकमेकांशी कामाव्यतिरिक्त बोलावे लागते. मूळ मालिकेत क्वचित मिळणारा हा अवकाश सणकथा पुरवते. सुट्टीच्या दिवशी कामावर एकटे थांबलेले पात्र, भेटवस्तूंची देवाणघेवाण, अचानक आलेला तपासाचा फोन आणि घरच्यांशी पहिली भेट हे या कथांमधील नेहमीचे प्रसंग आहेत.

काही चाहते एकत्र येऊन संपूर्ण ‘आभासी हंगाम’ लिहितात. बंद पडलेल्या मालिकेचा पुढचा हंगाम प्रसारित होत आहे असे मानून त्यातील भाग ठरावीक वेळापत्रकानुसार प्रसिद्ध केले जातात. काही हंगामांत पटकथेची मांडणीही पाळली जाते. अशा हंगामात डिसेंबरमध्ये येणारा भाग नाताळचा असणे स्वाभाविक ठरते.

== द एक्स-फाइल्स ==
‘द एक्स-फाइल्स’ ही अमेरिकन मालिका सप्टेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. फॉक्स मल्डर आणि डेना स्कली हे एफबीआयचे दोन अधिकारी तिच्या केंद्रस्थानी होते. दोघांचे प्रेम जुळावे असे वाटणाऱ्या चाहत्यांना ‘शिपर’ हे नाव मिळाले. ‘रिलेशनशिप’ या शब्दावरून आलेली ही संज्ञा पुढे सर्वच मालिकांच्या चाहत्यांमध्ये रूढ झाली.

डिसेंबर १९९८ मध्ये प्रसारित झालेला ‘हाऊ द घोस्ट्स स्टोल ख्रिसमस’ हा भाग नाताळच्या पूर्वसंध्येला एका झपाटलेल्या घरात घडतो. त्याचे लेखन व दिग्दर्शन मालिकेचे निर्माते ख्रिस कार्टर यांनी केले होते. भागाच्या अखेरीस मल्डर आणि स्कली एकमेकांना भेटवस्तू देतात, पण त्यांत काय आहे हे प्रेक्षकांना दाखवले जात नाही. हा मोकळा सोडलेला तपशील अनेक चाहतेकथांचा आरंभबिंदू ठरला. मल्डरची भूमिका करणारे डेव्हिड डुकोव्हनी आठव्या हंगामापासून मोजक्याच भागांत दिसू लागले. त्यानंतर दोघांची एकत्र कथा चालू ठेवणारे आभासी हंगाम चाहत्यांनी लिहिले.

== कॅसल ==
‘कॅसल’ (२००९–२०१६) या मालिकेत रहस्यकथालेखक रिचर्ड कॅसल आणि न्यूयॉर्क पोलिसांतील अधिकारी केट बेकेट एकत्र तपास करतात. ‘सीक्रेट सांता’ (डिसेंबर २०१२) या भागात दोघांचा जोडपे म्हणून पहिला नाताळ येतो. आईच्या खुनानंतर बेकेटच्या घरी नाताळची सजावट होत नाही. इतर सहकाऱ्यांना कुटुंबासोबत राहता यावे म्हणून त्या दिवशी ती स्वतः कामावर थांबते. सण हा आनंदाइतकाच अभावाचीही आठवण करून देतो, हे या भागाचे सूत्र चाहत्यांच्या कथांतही आढळते.

२०१६ मध्ये वाहिनीने मालिका बंद केली. अखेरच्या भागात कॅसल आणि बेकेट गोळीबारात जखमी होतात आणि लगेच सात वर्षांनंतरचे, तीन मुलांसह असलेले त्यांचे घर काही क्षण दिसते. मधल्या सात वर्षांतील सणवार त्यामुळे चाहत्यांच्या लेखणीकडे आले.

== सीआयडी ==
भारतात या लेखनप्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका. मुंबईत घडणारी ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये ती थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्याने सुरू झाली. शिवाजी साटम यांनी साकारलेल्या एसीपी प्रद्युम्न यांच्या पथकाचे खासगी आयुष्य मालिकेत फार थोडे दिसते. अभिजीत आणि डॉ. तारिका यांची जवळीक व तीवरून डॉ. साळुंखे यांची होणारी कुरकुर ही त्यांतील काही मोजकी स्थळे होत. चाहत्यांनी अभिजीत–तारिका जोडीला ‘अभिरिका’ आणि दया–श्रेया जोडीला ‘दारेया’ अशी जोडनावे दिली. या कथा बहुधा रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदी-इंग्रजी मिश्र भाषेत असतात. त्यांत नाताळची जागा होळी आणि दिवाळी घेतात. पाश्चात्त्य कथांत जोडप्याचा एकांत महत्त्वाचा असतो, तर येथे संपूर्ण पथक एखाद्या कुटुंबाप्रमाणे सणाला एकत्र येताना दिसते.

== कायदेशीर स्थिती व जतन ==
पात्रांवरील प्रताधिकार मूळ निर्मात्यांकडे असतो. अमेरिकेत चाहतेलेखनाचे समर्थन ‘न्याय्य वापर’ या तत्त्वाच्या आधारे केले जाते. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये अशा लेखनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. नफा न घेणे ही चाहत्यांनी स्वतःहून पाळलेली मर्यादा आहे. मात्र एखादे संकेतस्थळ बंद पडले की त्यावरील कथाही नाहीशा होतात. हे टाळण्यासाठी २००७ मध्ये ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाला २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला.

== महत्त्व ==
हेन्री जेन्किन्स यांच्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथापासून चाहतेलेखन हा माध्यम-अभ्यासाचा मान्य विषय बनला. मालिका कधी संपवायची हे वाहिनी ठरवते, परंतु पात्रांची कथा कोठे पूर्ण होते याविषयी प्रेक्षकांचे मत वेगळे असू शकते. सणकथा हे मत वादातून न मांडता कथेतूनच मांडतात. दरवर्षी परतणाऱ्या सणामुळे तसे करण्याचे निमित्तही त्यांना दरवर्षी मिळते.