सुरतच्या डॉक्टर रखमाबाई

सुरत म्हटलं की आपल्या मराठी घरांत पहिली आठवण निघते ती शिवरायांच्या 1664 च्या स्वारीची. निघायलाच हवी. पण त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, 1864 साली, मुंबईत एक मुलगी जन्मली आणि पुढे तिने या शहराला आपल्या उमेदीची तेवीस वर्षं दिली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आपल्यापैकी किती जणांना डॉ. रखमाबाई ठाऊक आहेत? मलाही चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हत्या.

त्यांचा खटला मात्र पुष्कळांनी ऐकला असेल. अकराव्या वर्षी लग्न, मोठेपणी नांदायला जायला नकार, मग 1884 मध्ये नवऱ्याचा दावा. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करेन. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ज्या लोकमान्यांनी आपला गणेशोत्सव सार्वजनिक केला, त्यांच्या ‘केसरी’नेही त्या वेळी रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं होतं. उत्सवाच्या स्मरणिकेत हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण घडलं ते घडलं.

मला जास्त ओढ आहे ती खटल्यानंतरच्या गोष्टीची. बाई सुटली, पण पुढे करायचं काय? सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते, ते 1885 मध्येच वारले. तेव्हा पुढे आल्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. या पीचीबाईंचा स्वतःचा अनुभव फार कडू होता. 1869 मध्ये एडिंबरोला वैद्यकी शिकायला शिरलेल्या मूठभर मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत चमकल्या, तर शिष्यवृत्ती त्यांना न देता त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली. विद्यापीठाने मुलींना पदवीही नाकारली, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये जाऊन ती मिळवावी लागली. एवढं सोसलेल्या माणसाने ‘आम्ही नाही का सोसलं, तुम्हीही सोसा’ म्हटलं असतं तरी नवल नव्हतं. आपल्या ऑफिसांत हेच वाक्य रोज ऐकू येतं! पीचीबाईंनी उलट केलं. रखमाबाईंना डॉक्टर व्हायला उभं केलं आणि त्यासाठी पैसे जमवायलाही मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. 1889 मध्ये रखमाबाई लंडनला बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये गेल्या, ब्रुसेल्सची एम.डी. झाल्या आणि 1895 मध्ये सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या.

बायका बाळंतपणाला इस्पितळात यायला घाबरायच्या. म्हणून रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणून तिची सुटका इस्पितळातच केली आणि बायाबापड्यांना दाखवली, अशी गोष्ट सांगतात. 1918 मध्ये त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या. निवृत्तीनंतर मुंबईत राहिल्या आणि 25 सप्टेंबर 1955 रोजी, नव्वदाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कॅन्सरने गेल्या.

त्या गेल्या तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलला सुरू होऊन चौदा वर्षं झाली होती, आणि तिथेही असाच एक हात पुढे आला होता. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. वडिलांना वाटे मुलीने डॉक्टर व्हावं, मुलगी गेली वनस्पती आणि प्राणिशास्त्राकडे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तिला आपल्या हाताखाली घेतलं. 1949 मध्ये पीएच.डी. झाली. मग तिला प्रयोगशाळेत आपल्या मदतीला अडकवून न ठेवता त्यांनीच अमेरिकेला जायला प्रोत्साहन दिलं. परत येऊन कमलताईंनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवून कॅन्सरचा अभ्यास करायची सोय. 1973 मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढण्यातही त्या पुढे होत्या.

मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर, डॉक्टरकीतलं मला काय कळणार. हे सगळं शोधायला लावलं ते माझ्या पुतणीने. ती कॅन्सरची सर्जरी शिकते आहे. आपल्याकडे बायकांना सर्वांत जास्त होणारे कॅन्सर स्तनाचे आणि गर्भाशयाच्या मुखाचे. गाठ हाताला लागली तरी ‘पुरुष डॉक्टरला कशी दाखवू’ म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसलेली एक बाई आमच्याच नात्यात होती. ती गेली. तरी पुतणीने ही शाखा घ्यायची म्हटल्यावर एका वरिष्ठांनी विचारलं, “लग्नानंतर बारा-बारा तास उभं राहणं जमेल का?” ती रडत घरी आली होती. सोडणारच होती. तिथल्याच एका मॅडमनी तिला दुसऱ्या दिवशीपासून आपल्या ऑपरेशनला उभं केलं, प्रत्येक वेळी, वर्षभर.

परवा गौरींना ती दोन दिवस आली होती. जेवताना फोन वाजला. हाताखाली सर्जरीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आली आहे, डांगमधली, तिच्या घरातली पहिलीच शिकलेली. काही अडलं होतं. आमची पोर पुरणपोळी तशीच टाकून ओसरीवर गेली आणि अर्धा तास तिला समजावत बसली. वहिनी म्हणाली, “अगं, जेवण तरी कर.” ती हातानेच थांब म्हणाली.