दोन मैलांचे चित्र आणि १४४ हर्ट्झचा पडदा

संगणकावर खेळ खेळण्यासाठी मॉनिटर घ्यायचा म्हणून आम्ही नाशिकमधल्या एका दुकानात गेलो होतो. सोबत अकरावीतला एक विद्यार्थी होता. मॉनिटर त्याच्यासाठीच होता. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत आकडे छापलेले होते : ६० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ, २४० हर्ट्झ, १ मिलिसेकंद. आकडा वाढला की किंमतही वाढे. विद्यार्थ्याने विचारले, "सर, डोळ्यावरची प्रतिमा १/१६ सेकंद टिकते असे आपण शिकलो. मग सेकंदाला सोळा चित्रे दाखवली की पुरे. १४४ चित्रांचे जादा पैसे कशासाठी द्यायचे?"

दुकानदार हसला. आम्हाला मात्र हसता येईना, कारण दृष्टिसातत्याचा हा धडा आम्हीच त्याला शिकवला होता. उत्तर शोधताना इतिहासात शिरावे लागले, आणि त्या इतिहासाची सुरुवात नाशिकपासूनच करता येते.

सत्तावन्न हजार चित्रे

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. १९१२ साली ते लंडनला गेले आणि चित्रपटाचा कॅमेरा, कच्ची फिल्म व फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची जुळवाजुळव करून परतले. कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम अंधारात करावे लागे. ते सरस्वतीबाई फाळके करीत. एका चित्रामागे दोन्ही कडांची मिळून आठ भोके पडत. ती एकसारखी नसतील तर पडद्यावरचे चित्र थरथरते.

मोठ्या चित्रपटासाठी भांडवल मिळवायचे तर धनिकांना या विद्येची खात्री पटवणे भाग होते. त्यासाठी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कॅमेरा कुंडीसमोर ठेवून बऱ्याच अंतराने एकेक चित्र घ्यायचे, आणि सारी चित्रे भरभर दाखवायची. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत डोळ्यांपुढे आली. चित्रे घेण्याचा वेग आणि ती दाखवण्याचा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या छोट्या फिल्मवरून नीट कळते. मॉनिटरच्या दुकानात हीच गोष्ट पुन्हा उपयोगी पडणार आहे.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला संसार आणि चित्रपटाचा कारखाना नाशिकला हलवला. १९१८ साली हिंदुस्तान फिल्म कंपनीही नाशिकलाच उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

या चित्रपटाच्या सुरतेतील खेळाची एक हकीकत सांगतात. पहिल्या दिवशी गल्ला जेमतेम तीन रुपये जमला. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, ती अशा आशयाची : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे फक्त तीन आण्यांत! लोक लोटले.

हा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. ५७,००० ला १६ ने भागले की सुमारे ३,५६० फूट येतात. या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. तेव्हा चित्रांचा आकडा बराचसा खरा. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! लांबीचा आकडा जवळजवळ तिप्पट फुगवलेला होता. एकाच जाहिरातीत एक आकडा प्रामाणिक आणि दुसरा फुगीर. आजच्या मॉनिटरच्या खोक्यावरही असेच असते.

आणखी एक गंमत. सेकंदाला १६ चित्रे दाखवली तर ३,७०० फुटांचा चित्रपट सुमारे ६२ मिनिटे चालेल. पण पुस्तकांतून त्याचा अवधी ४० मिनिटे दिलेला आढळतो. सेकंदाला २४ चित्रांचा हिशेब केला तर उत्तर ४१ मिनिटे येते. लांबी तीच, वेग बदलला की काळ बदलतो. मूकपटांच्या काळात प्रोजेक्टरचे हँडल हाताने फिरवीत, त्यामुळे हा वेग फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे.

सोळा की अठ्ठेचाळीस?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. सोळा चित्रांत हालचाल दिसते हे खरे, पण त्याचे कारण 'प्रतिमा डोळ्यावर टिकते' एवढेच असते तर एकावर एक पडलेल्या चित्रांचा गिचमिडा दिसला असता. हरिश्चंद्र चालताना दिसला नसता. फाळके लंडनला गेले त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन रेषा थोड्या अंतरावर, एकीमागून एक क्षणभर दाखवल्या, की एकच रेषा इकडून तिकडे सरकल्याचा भास होतो. ही हालचाल मेंदू रचतो. त्यासाठी सेकंदाला दहा-बारा चित्रेही पुरतात.

मात्र हालचाल दिसणे वेगळे आणि लुकलुक न दिसणे वेगळे. फिल्म पुढे सरकत असताना प्रोजेक्टरमधली झडप प्रकाश अडवते. सेकंदाला सोळाच वेळा उजेड-अंधार झाला तर पडदा असह्य लुकलुकतो. म्हणून झडपेला तीन पाती बसवली गेली. चित्र एकच, पण ते तीनदा झळकते : १६ गुणिले ३ म्हणजे ४८. पुढे बोलपट आल्यावर वेग सेकंदाला २४ चित्रे असा ठरला आणि झडपेला दोन पाती पुरली : पुन्हा ४८!

लुकलुक किती वेळा झाली म्हणजे दिसेनाशी होते, याला ठरावीक आकडा नाही. प्रकाश जितका प्रखर तितकी ही मर्यादा वाढते, असे फेरी (१८९२) आणि पोर्टर (१९०२) यांनी दाखवले होते. सिनेमागृहातला पडदा मंद असतो, तिथे ४८ चालते. लखलखीत पडद्याला तेवढे पुरत नाही. डोळ्याच्या कडेने पाहताना तर लुकलुक अधिकच जाणवते. म्हणजे १/१६ सेकंद हा आकडा सगळीकडे सारखा लावणे बरोबर नाही. ही चूक आम्ही स्वतः कित्येक वर्षे फळ्यावर लिहिली आहे.

काचेच्या नळीचे दिवस

दूरचित्रवाणी आली तेव्हा तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवला गेला. नाही तर विजेच्या चढउतारांचे पट्टे चित्रावरून सरकत राहिले असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. भारतात दिल्लीला १९५९ साली आणि मुंबईला १९७२ साली दूरचित्रवाणी सुरू झाली, ती सेकंदाला २५ चित्रांची. प्रत्येक चित्राच्या आधी विषम ओळी आणि मग सम ओळी रेखायच्या, म्हणजे झळका ५० होतात. झडपेची युक्तीच इथे वेगळ्या रूपात आली.

संगणकाचे जुने मॉनिटरही काचेच्या नळीचेच होते. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरच्या लेपावर ओळीमागून ओळ रेखाटी, आणि प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझे. हे मॉनिटर हातभर अंतरावरून पाहायचे, आणि पडदा बहुधा पांढरा झगझगीत. त्यामुळे ६० हर्ट्झला डोळे शिणत, डोके दुखे. जाणते लोक तो वेग ७५ किंवा ८५ करून घेत.

त्यानंतर सपाट एलसीडी पडदे आले. त्यांत ठिपका विझत नाही. पुढचे चित्र येईपर्यंत तसाच उजळलेला राहतो. लुकलुकीचा प्रश्न बहुतांशी मिटला. पण खेळ खेळणाऱ्यांची वेगळीच तक्रार सुरू झाली : हलणारी वस्तू पुसट दिसते.

डोळा धावतो, चित्र थांबते

असे का व्हावे? समजा, १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर एक चेंडू एका सेकंदात या टोकाकडून त्या टोकाला जातो. आपला डोळा त्याच्यामागे सलग, न अडखळता फिरतो. पडद्यावरचा चेंडू मात्र उड्या मारतो. ६० हर्ट्झला तो १/६० सेकंद एका जागी थांबतो आणि मग ३२ ठिपके पुढे जातो. त्या थांब्यात डोळा पुढे सरकलेला असतो. उभ्या माणसाचा फोटो काढताना कॅमेरा हलला तर जसा फोटो पुसट येतो, तशी चेंडूची प्रतिमा दृष्टिपटलावर फराटते. जवळजवळ ३२ ठिपके, म्हणजे २४ इंची पडद्यावर पाऊण सेंटिमीटरहून अधिक. १४४ हर्ट्झला तोच फराटा १३ ठिपक्यांवर येतो. काचेच्या नळीत ठिपका लगेच विझत असल्याने फराटा पडतच नव्हता!

दुसरी गोष्ट हाताची. सिनेमा पाहताना प्रेक्षकाचा हात चित्रात काही बदल करीत नाही, खेळात करतो. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या इवल्याशा पडद्यावर टेनिसचा खेळ पाहुण्यांसाठी मांडला. बटण दाबले की चेंडू परते. तेव्हापासून पडद्याला नवे काम लागले : हाताने केलेले डोळ्याला लवकर दाखवायचे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दोन चित्रांत १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते, १४४ ला ६.९, तर २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्यास सुमारे १० मिलिसेकंद वाचतात, पण १४४ वरून २४० वर गेल्यास तीनहूनही कमी. किंमत वाढते तसा फायदा वाढत नाही.

माणसाची प्रतिक्रियाच सुमारे २०० मिलिसेकंदांची असते, मग दहाने काय बिघडते, असे कोणी विचारील. शंभर मीटरच्या शर्यतीत धावणारे दोघेही तुल्यबळ असले की शेवटचे बोटभर अंतरही निकाल ठरवते, तसेच हे आहे. बुद्धिबळ किंवा शहरे वसवण्याचे खेळ खेळणाऱ्याला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

मॉनिटर निवडताना

एवढा इतिहास पाठीशी घेऊन खोक्यावरचे आकडे वाचले, की ते तितकेसे गूढ राहत नाहीत.

हर्ट्झचा आकडा हा फाळक्यांच्या सत्तावन्न हजारांसारखा. तो बहुधा खरा असतो. पण तो दाखवण्याचा वेग आहे, चित्रे तयार होण्याचा नव्हे. ते काम संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड सेकंदाला ५० चित्रेच बनवीत असेल तर १४४ हर्ट्झचा पडदा तीच चित्रे पुन्हा पुन्हा दाखवील. वाटाण्याचे रोप इथे आठवावे. तेव्हा आधी कार्ड पाहावे, मग पडदा.

'१ मिलिसेकंद' हा आकडा दोन मैलांच्या जवळचा. ठिपका एका छटेतून दुसरीत जायला किती वेळ घेतो, ते हा आकडा सांगतो. पण सोयीच्या छटा निवडून तो मोजता येतो. गडद छटांत तोच पडदा कितीतरी जास्त वेळ घेऊ शकतो. काही वेळा हा आकडा मागचा दिवा उघडझाप करून मिळवलेला असतो. तेव्हा चित्र रेखीव दिसते, पण पडदा मंदावतो आणि लुकलुक परत येते. प्रोजेक्टरची झडपच ती! म्हणून या आकड्यावर विसंबू नये. शक्य असल्यास तोच पडदा चालू करून, हलते चित्र लावून पाहावा.

कार्डाचा वेग आणि पडद्याचा वेग जुळला नाही तर वरचा भाग नव्या चित्राचा आणि खालचा जुन्याचा असे फाटलेले चित्र दिसते. २०१३ नंतर जी-सिंक आणि फ्रीसिंक या पद्धती आल्या. त्यांत पडदाच कार्डासाठी थांबतो. ही सोय असलेला पडदा घेणे शहाणपणाचे, कारण कार्डाचा वेग क्षणोक्षणी बदलत असतो.

शेवटी, घरी आणल्यावर संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग तपासावा. १४४ हर्ट्झचा पडदा ६० वरच चालवणारे थोडे नाहीत! जुनी केबलही वेग अडवू शकते.

आमच्या विद्यार्थ्याचे कार्ड बेताचे होते. हिशेब करून त्याने २४० चा नाद सोडला, १४४ चा पडदा घेतला आणि उरलेले पैसे कार्डासाठी राखून ठेवले. दुकानातून निघताना तो म्हणाला, "सर, पुस्तकातले १/१६ खोडायचे का?" आम्ही म्हटले, खोडू नकोस, शेजारी पेन्सिलीने लिही : हालचालीसाठी वेगळा आकडा, लुकलुकीसाठी वेगळा, रेखीवपणासाठी वेगळा.

करून पाहा

१. वहीच्या कोपऱ्यांवर चालत्या माणसाची वीस चित्रे काढा आणि पाने बोटाने भरभर सोडा. आधी सावकाश, मग वेगाने. हालचाल कोणत्या वेगाला दिसू लागते?

२. अंधाऱ्या खोलीत वेगवेगळ्या दिव्यांसमोर आणि पडद्यांसमोर पेन्सिल जोरात हलवा. एकसंध पुसट पट्टा दिसला तर प्रकाश सलग आहे. अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या तर प्रकाश लुकलुकतो आहे. आपला डोळा ज्याला 'सलग' म्हणतो, ते सगळेच सलग नसते.