रुग्णसेवेतील पाळ्यांची साखळी

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर काही तासांनी पालटावी लागते. एका पाळीत ती राहून गेली, की शय्याव्रणाचा आरंभ होतो. आणि ते निस्तरणे पुढील पाळीच्या वाट्यास येते. दक्ष परिचारिकेचा बेफिकीर सोबतिणीवर रोष असतो तो यासाठीच. आपल्या गैरहजेरीत रुग्णाचे काय होईल याची तजवीज करणे, या विषयास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच दिले.

या तत्त्वाची खडतर कसोटी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात लागली. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूस कायमची इजा झाली. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होऊन ओरडत. अन्न मऊ करून भरवावे लागे. जुन्या परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या. सेवा मात्र थांबली नाही. साडेतीन दशकांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गौरवपूर्वक नोंद घेतली. १८ मे २०१५ रोजी त्या निवर्तल्या.

ज्या रुग्णास तक्रारही करता येत नव्हती, तिची पाठ अखंड राहिली ती कोणा एकीच्या पुण्याईने नव्हे. एकीने हाती दिलेले काम दुसरीने खाली पडू दिले नाही म्हणून.