सिस्टरचा राग जातो कुठे?

रत्नागिरीत काय किंवा मुंबईत काय, वॉर्डात नातेवाईक आवाज चढवून बोलत असतात आणि सिस्टर मान खाली घालून सलाईन लावत असते. तिला राग येत नाही असे नाही. तो गिळायची तिला सवय लावलेली असते आणि ही सवय फार जुनी आहे.

1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका-शाळा सुरू झाली. शिकाऊ मुलींच्या प्रगतिपत्रकात वक्तशीरपणा, टापटीप यांच्याबरोबर 'शांतपणा' हाही रकाना होता. मार्क वागण्याला होते. मनात काय चालले आहे, याला रकाना नव्हता.

आपल्याकडे 1909 मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्या काळात बाईने परक्या रुग्णाला हात लावायचा, सोवळेओवळे बाजूला ठेवायचे आणि वर लोकांचे टोमणे ऐकायचे! या सगळ्याला आपण 'सेवावृत्ती' म्हणून मोकळे झालो. शब्द चांगला आहे, पण त्यात बाईने दमायचे कधी?

गिळलेल्या रागाचे पुढे काय होते, याचा शोध बराच उशिरा सुरू झाला. इझाबेल मेंझिस यांनी लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास 1960 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे रुग्णाला नावाने न ओळखता 'दहा नंबरचे लिव्हर' म्हटले जाई. हा निष्ठुरपणा नव्हता. दुःख अंगाला लागू नये म्हणून घातलेले ते चिलखत होते. तरीही शिकणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुली मध्येच सोडून जात.

1998 मध्ये जेम्स ग्रॉस यांनी 120 विद्यार्थ्यांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना सांगितले, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे कोरे राहिले, पण किळस कमी झाली नाही आणि शरीरातली ताणाची यंत्रणा अधिकच पेटली. ज्यांनी डॉक्टरच्या तटस्थ नजरेने फिल्म पाहिली, त्यांना किळसच कमी वाटली, आणि शरीरावर तसा भारही पडला नाही.

आजच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. 'हा माझ्यावर ओरडतोय' याऐवजी 'बापाच्या जिवाची भीती याच्या तोंडून बोलतेय' असे त्याच क्षणी मनाशी म्हणायला शिकणे, संथ श्वास, ड्यूटी संपल्यावर सहकाऱ्यांशी मोकळे बोलणे. डोकेदुखी, ॲसिडिटी, उडालेली झोप अशा तक्रारींत याचा आधार होऊ शकतो. बीपीची गोळी मात्र त्यामुळे बंद करू नये.

पण सगळा भार सिस्टरच्या मनावर टाकणेही मला पटत नाही. 1946 च्या भोर समितीला देशात 43,000 लोकांमागे एक परिचारिका आढळली होती. आज संख्या कितीतरी वाढली आहे, तरी एकटीने भरलेला वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला श्वासाच्या व्यायामाआधी दुसरी सिस्टर लागते. आणि अंगावर धावून येणाऱ्याकडे समजुतीच्या नजरेने पाहायचे कारण नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, आणि त्याचे संरक्षण डॉक्टरांइतकेच परिचारिकांनाही आहे.