जखमेला हात लावणाऱ्यांचा इतिहास कोण लिहिणार?

१८९७ चा पुण्यातला प्लेग म्हटला की आपल्या पोरांना रँड आणि चापेकर ही दोनच नावे आठवतात. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत काय घडले ते पाठ असते. पण त्याच प्लेगमध्ये १० मार्च १८९७ ला कोण गेले आणि कशामुळे गेले, असे विचारले तर वर्ग गप्प होतो.

त्या दिवशी सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगची गाठ आली होती. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. या सेवेतच त्यांना लागण झाली. यशवंतरावही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना गेले. आई गेली, मुलगा गेला, आणि पाठ्यपुस्तकात उरले ते पिस्तूल.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. मुळशी तालुक्यातील भरे, घोटावडे, पिरंगुट या पट्ट्यातून आमच्या कितीतरी बहिणी आणि आता भाऊसुद्धा एएनएम, जीएनएम करून पुण्यातल्या रुग्णालयांत नोकरीला जातात. त्यांच्याशी बोलताना तेच ते प्रश्न पुढे येतात. रात्रपाळीला एकटीने तीस खाटा कशा सांभाळायच्या? डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला डोस चुकीचा वाटला तर काय करायचे? सुई टोचली तर कळवायचे की गप्प बसायचे? वरवर हे नर्सिंगच्या पुस्तकातले प्रश्न आहेत. आमचे म्हणणे असे की त्यांची मुळे जातीच्या इतिहासात आहेत.

आधी विटाळाचा हिशोब मांडू. रक्त, पू, मलमूत्र, बाळंतपणाची वार आणि मृतदेह या पाच गोष्टी मनुवादी व्यवस्थेने अपवित्र ठरवल्या. पण माणूस आजारी पडायचा थांबत नाही आणि बाई बाळंत व्हायची थांबत नाही. मग ही कामे कोणावर टाकली? गावोगावी सुईणपण मांग, महार, न्हावी अशा समाजांतील बायांकडे आले. सवर्णाच्या घरातले मूल तिच्या हातावर जन्म घेई आणि त्यानंतर तेच घर तिला ओट्याखाली उभे करी. तिच्या अंगचे कौशल्य घेतले, पण मान दिला नाही.

आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणाचे काय? १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे यांनी 'ज्ञानोदय' मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे त्या मुलीने त्यात मांडले. या देशातल्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहायचा असेल तर तो या निबंधापासून सुरू करावा लागेल. कोणत्या नर्सिंग कॉलेजात तो शिकवला जातो?

१८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तिथे सुखरूप होत. त्यात बहुतेक ब्राह्मण विधवा होत्या. ज्यांना स्वतःच्या जातीने मरायला सोडले, त्यांना माळी घरातल्या बाईने हात दिला. त्यांच्यातल्याच एकीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. ही खरी रुग्णसेवा, कारण ती जात विचारत नाही.

आता दुसरी बाजू, प्रामाणिकपणे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि ससूनच्या सहकार्याने स्त्रियांना नर्सिंगचे शिक्षण दिले. परक्याच्या जखमा धुणे हे कुलीन बाईचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात हे धाडसच होते आणि त्याचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण प्रश्न राहतोच : जे काम पिढ्यान् पिढ्या अस्पृश्य बायांच्या अंगवळणी होते, ते वर्ग आणि प्रमाणपत्राच्या रूपात आले, तेव्हा त्या वर्गाच्या दारात आमच्या बाया का नव्हत्या? कारण शाळेचे दारच बंद होते. हात आमचे होते, अक्षर त्यांच्याकडे होते.

याची किंमत सगळ्या देशाने मोजली. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती आणि ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. जगात साधारणपणे डॉक्टरांपेक्षा नर्सेस जास्त असतात, इथे गणित उलटे. अंगाला हात लावण्याचे काम हलके मानणाऱ्या समाजात दुसरे काय होणार? म्हणून कित्येक दशके आपल्या रुग्णालयांचा भार केरळमधून आलेल्या ख्रिस्ती मुलींनी उचलला. त्यांच्या धर्मात रुग्णसेवा ही सेवा होती, विटाळ नव्हता.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिभेद निर्मूलन' मध्ये दाखवून दिले की जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकाखाली एक बसवते. रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात जाऊन पाहा. वर डॉक्टर, त्याखाली सिस्टर, त्याखाली वॉर्डबॉय 'मामा', त्याखाली आया 'मावशी' आणि तळाला सफाई कामगार. नाती गोड आणि पगार कडू! डॉक्टरने खेकसलेले सिस्टरने मावशीवर काढायचे आणि मावशीने सफाईवालीवर. ही श्रेणीबद्ध विषमता आहे. म्हणून आमच्या सिस्टर भगिनींनाही सांगायचे आहे : वरच्याकडून सन्मान मागताना खालच्याचा सन्मान राखता का, हे आधी तपासा.

आता त्या प्रश्नांकडे येऊ. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत दिले तर रुग्णाचे हृदय थांबते, हे प्रत्येक सिस्टरला शिकवलेले असते. तोंडी आदेश चुकीचा वाटला तर तो पुन्हा म्हणून दाखवणे, लेखी मागणे, शंका विचारणे हे तिचे कर्तव्य आहे. पण ज्या व्यवस्थेत खालच्याने वरच्याला प्रश्न विचारणे हाच गुन्हा, तिथे ती गप्प बसते. तिच्या गप्प बसण्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवावी, लगेच कळवावे आणि एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावे, हा नियम आहे. पण अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी कळवायला घाबरते. करार पुढे वाढला नाही तर? भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका सांगतात. तीस खाटांना एक, हा तिचा दोष नाही, ती मालकाची बचत आहे.

या बाबतीत बाबासाहेबांनी काय केले, हे आपल्याच तरुणांना पुरते माहीत नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात पगारी विश्रांती मिळावी म्हणून ते उभे राहिले. आईची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांत आठवड्याला ४८ तास ठरले. आज बारा तासांची रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरने हा वारसा आपला म्हणून मागितला पाहिजे. प्रसूती रजा कंत्राटी कर्मचाऱ्यालाही मिळते आणि कराराची मुदत संपली म्हणून तो लाभ बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पगाराचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. आपल्या हातातली पगाराची चिठ्ठी त्या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

शेवटचा आणि सर्वांत मोठा धोका कंत्राटीकरणाचा. सरकारी रुग्णालयातील कायम पदावर आरक्षण असते. एजन्सीमार्फत भरलेल्या जागेवर आरक्षण कुठे असते? २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती संघटना त्यांच्या मंडपात जाऊन बसल्या? सप्टेंबर २०२३ चा कंत्राटी भरतीचा शासन निर्णय तरुणांच्या रोषामुळे ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. म्हणजे रेटा लावला तर मागे हटवता येते.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे. नर्सिंगला जाणाऱ्या आपल्या मुलींना मुक्ता साळवे आणि सावित्रीमाईंचा इतिहास अभ्यासक्रमाबाहेर आपण शिकवू. करार, पगार, पाळी यांची लेखी नोंद ठेवायला आणि युनियनमध्ये जायला त्यांना बळ देऊ. आणि १० मार्च हा केवळ हार घालण्याचा दिवस न ठेवता आपल्या तालुक्यातल्या सिस्टर, मावशी, सफाई कामगार यांना एका चटईवर बसवून त्यांचे प्रश्न ऐकण्याचा दिवस करू. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे वॉर्डालाही लागू आहे.

जय भीम! जय सावित्री!