वेगाच्या देवाचा नैवेद्य

दसऱ्याच्या सकाळी आमच्या आजोळी तीन गोष्टींची पूजा होई. पाटावर मांडलेले विळे-कोयते, आजोबांची जमाखर्चाची चोपडी आणि अंगणात उभी असलेली मामांची येझदी. झेंडूची माळ तिच्या हँडलवर चढवण्याचा मान मामांचा. ती धुण्याचाही मान त्यांचाच. दुसऱ्या कोणी फडके लावलेले त्यांना खपत नसे.

ही फटफटी मोठी गमतीची. गिअरचा जो दांडा, तोच दाबून वळवला की किक मारायचा दांडा होई. आम्हा मुलांना ती जादू वाटे. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. मामांच्या हातची दुरुस्ती मात्र बंद पडली नाही. मूळच्या सहा व्होल्टच्या विजेवर तिचा दिवा देवघरातल्या निरांजनासारखा मिणमिणे. मामांनी खटपट करून तिला बारा व्होल्टची वीज दिली. प्लॅटिनम पॉइंट काढून तेथे इलेक्ट्रॉनिक ठिणगीची योजना केली. बदललेला प्रत्येक झिजका भाग ते एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवीत. मामी तो डबा दरवर्षी भंगारवाल्यासाठी बाहेर काढी आणि मामा तो परत फळीवर नेऊन ठेवीत.

"अहो, एवढं तेल देवापुढच्या समईत घातलं असतं, तर घरादाराचा उद्धार झाला असता!" मामी म्हणे.

"आणि घरादाराला तालुक्याला कोण नेतं? समई की ही?" मामांचे उत्तर ठरलेले.

मामांचे हे वेड जगावेगळे आहे, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. पुढे पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाकडच्या एका माणसाची हकिकत वाचली आणि कळले की या वेडाला एक चक्रवर्ती राजा होऊन गेला आहे. त्याच्या झोपडीवजा कारखान्यातही अशीच एक फळी होती. फुटलेली पिस्टन, वाकलेले दांडे, करपलेले व्हॉल्व्ह तिच्यावर ओळीने मांडलेले असत, आणि तेथे त्याने रंगाने लिहिले होते : वेगाच्या देवाला नैवेद्य!

त्या माणसाचे नाव बर्ट मन्रो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, इन्व्हरकार्गिल या गावाच्या परिसरात, २५ मार्च १८९९ रोजी तो जन्मला. जुळी बहीण जन्मतःच गेली आणि हे पोरही दोन वर्षांच्या वर जगायचे नाही, असे डॉक्टरांनी आईबापांना सांगून टाकले. पोर जगले, आणि असे जगले की घरच्या शेतावरच्या सर्वांत चपळ घोड्यावर मांड टाकून, बापाची बोलणी खात, उधळू लागले. नावाचीही एक मौज आहे. इंग्रजीत तो आपले नाव एका अक्षराने लिही. एका अमेरिकन मासिकाने ते दुसऱ्या अक्षराने छापले, तर यालाच ती चूक आवडली आणि त्याने ती कायम केली. आपल्या देवनागरीत दोन्ही 'बर्ट'च, म्हणून आपल्याला त्या भांडणात पडण्याचे कारण नाही.

१९२० साली, एकविसाव्या वर्षी, त्याने एक नवी कोरी मोटारसायकल घेतली. तिचे नाव 'इंडियन स्काउट'. वाचकहो, नाव ऐकून ऊर भरून येऊ देऊ नका; हे इंडियन म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाच्या जुन्या चुकीमुळे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना जे नाव चिकटले, तेच १९०१ साली स्थापन झालेल्या स्प्रिंगफील्डच्या त्या कंपनीने आपल्या गाड्यांना दिले. स्काउटची आखणी चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश माणसाची. इंग्रजी व्ही अक्षरासारखी जोडलेली दोन सिलिंडरे, ६०० घनसेंटिमीटरचे इंजिन आणि वेग फार तर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. त्या काळच्या रस्त्यांना तेवढा पुरून उरे. बर्टला तो पुरला नाही. १९२६ च्या सुमारास त्याने गाडी खोलली, आणि मग ती आयुष्यभर तो खोलतच राहिला.

दिवसा तो मोटारसायकली विकण्याची नोकरी करी आणि रात्री आपल्या गाडीपाशी बसे. पैसा बेताचाच. विकतचे भाग घेण्याची ऐपत नव्हती, आणि पुढेपुढे तर विकत मिळण्यासारखे काही उरलेच नाही. कारण १९५३ साली स्प्रिंगफील्डचा कारखानाच थंडावला. मग हा गृहस्थ जुन्या डब्यांचे साचे करी, धातू वितळवून त्यांत ओती आणि आपली पिस्टन आपणच घडवी. सिलिंडर, फ्लायव्हील, सारे घरचे. सूक्ष्म मापे घेण्यासाठी कारागीर लोक मायक्रोमीटर वापरतात. याचा मायक्रोमीटर म्हणजे चाकाची एक जुनी तार! भाग बसे, एखादी फेरी टिके, आणि फुटे. फुटका भाग फळीवर जाई. नैवेद्य वाढे.

त्याने सुधारले तरी काय, हे थोडक्यात सांगतो. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कुशीला होते. त्यामुळे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत शिरताना वळसा घेई आणि धूर बाहेर पडतानाही वळसा घेई. अरुंद बोळातून वरात न्यावी तशी गत. बर्टने व्हॉल्व्ह उचलून सिलिंडरच्या डोक्यावर बसवले. रस्ता सरळ झाला. तेवढ्याच वेळात अधिक वारा आत आणि अधिक धूर बाहेर. सिलिंडरांचा पोकळपणा वाढवत वाढवत ६०० चे इंजिन त्याने अखेर ९५० पर्यंत नेले.

पण इंजिनाची ताकद हा अर्धाच भाग. खरा वैरी वारा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला शक्ती आठपट लागते. वेग तिप्पट करा, शक्ती सत्तावीसपट हवी. १९४८ साली अमेरिकेच्या रोली फ्री नावाच्या धाडसी वीराने विन्सेंट मोटारसायकलीवर ताशी दीडशे मैलांचा टप्पा गाठण्यासाठी अंगातले चामडी कपडे फडफडतात म्हणून काढून टाकले आणि पोहण्याच्या चड्डीवर, गाडीवर पोटावर पालथे पडून, तो विक्रम केला! कपड्यांची फडफडसुद्धा जेथे परवडत नाही, असा हा हिशेब. बर्टने चड्डीचा मार्ग धरला नाही. त्याने गाडीला माशासारखे निमुळते कवच केले आणि तिच्या पोटात स्वतः ओणवा झाला.

रोली फ्रीने विक्रम केला, ती जागा म्हणजे अमेरिकेच्या यूटा राज्यातले बॉनव्हिल. एका पुरातन सरोवराचे पाणी आटून मागे राहिलेले मिठाचे पटांगण. झाड नाही, दगड नाही, वळण नाही. नजर जाईल तेथवर पांढरी सपाटी आणि तीवर वाट दाखवणारी आखलेली काळी रेघ. जगभरच्या वेगवेड्यांची ती पंढरी. विक्रमाचा नियमही सचोटीचा : एकदा जायचे आणि ठराविक वेळात उलट दिशेने परत यायचे, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणालाच फुकट मिळत नाही, दोन्ही फेऱ्यांची सरासरी हाच विक्रम.

या पंढरीची वारी बर्टने एकंदर दहा वेळा केली. पहिली नुसती दर्शनाची. पुढे १९६२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बेचाळीस वर्षांची गाडी घेऊन तो मिठावर उतरला आणि ताशी १७८.९५ मैल, म्हणजे २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम करून बसला. २००५ साली त्याच्यावर निघालेल्या चित्रपटात याच प्रसंगी तो दोनशे मैलांचा टप्पा ओलांडताना दिसतो. पडद्याला तेवढी सूट द्यावी. इतिहासाला ती देता येत नाही. आणि द्यायची गरज तरी काय? ५५ मैलांसाठी जन्मलेले यंत्र १७८ वर गेले, हे काय थोडे झाले?

१९६६ मध्ये दुसरा विक्रम आणि ऑगस्ट १९६७ मध्ये तिसरा. हजार घनसेंटिमीटरच्या आतील गटात सरासरी १८३.५९ मैल, पात्रता फेरीत तर एका दिशेने १९०.०७ मैल, म्हणजे ताशी ३०५ किलोमीटरांवर! स्वाराचे वय अडुसष्ट, गाडीचे सत्तेचाळीस. या फेऱ्या म्हणजे सुखाचा प्रवास नव्हता. एकदा भर वेगात गाडी डुलू लागली. वेग कमी व्हावा म्हणून त्याने अंग वर उचलले, तो वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उडवला आणि त्या माऱ्याने दिसेनासे झाले. काळी रेघ कुठल्या कुठे राहिली आणि खुणेचा एक लोखंडी खांब चार बोटांवरून चुकला. शेवटी गाडी आडवी घालून तो थांबला. थोडे खरचटले, म्हणून पुढे सांगत असे!

येथवर हकिकत आली की ऐकणारे टाळ्या वाजवतात. पण इतिहास सांगणाऱ्याने दुसरे पानही उलटले पाहिजे. रात्री गाडीला दिलेल्या, त्या कोठून तरी कापलेल्या होत्या. बर्टला बायको होती, मुले होती. संसार टिकला नाही. घटस्फोट झाला, आणि पुढे तो गाडीच्या शेजारी, त्या झोपडीतच राहू लागला. फळीवरच्या नैवेद्यात पिस्टने दिसतात. हा दुसरा नैवेद्य तेथे मांडता आला नाही, एवढेच. त्याची थोरवी कमी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण मोठ्या ध्यासाची किंमत एकटा ध्यासवेडाच भरतो, असे मुलांना शिकवणे बरे नव्हे.

१९७७ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ बसेना. तेव्हा गाड्या आपल्याच मुलखात राहाव्यात म्हणून त्याने त्या गावातल्या हेज नावाच्या हार्डवेअर दुकानदाराला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी तो गेला.

आणि आता या कथेतली मला सर्वांत प्रिय वाटणारी गोष्ट. २०१४ साली बर्टच्या मुलाच्या लक्षात आले की १९६७ च्या विक्रमाच्या हिशेबात चूक झालेली आहे. अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने ती तपासली, मान्य केली आणि मृत माणसाचा विक्रम १८३.५९ वरून १८४.०८७ मैल करून दिला. मी शाळामास्तर, आकडे दिसले की वजाबाकी करण्याची खोड. १९२० ते १९६७ ही सत्तेचाळीस वर्षे बापाने गाडी सुधारण्यात घालवली, आणि १९६७ ते २०१४ या सत्तेचाळीस वर्षांनंतर मुलाने बापाचा हिशेब सुधारला. ज्या घरावर त्या गाडीची सावली पडली होती, त्याच घरातला हा हात.

गेल्या दसऱ्याला आजोळी गेलो होतो. मामा थकले आहेत. येझदी मात्र दुसऱ्या किकेला बोलते. पूजा झाल्यावर ओसरीवर बसून मी ही सारी कथा सांगितली. मामा व्हॉल्व्हच्या जागेबद्दल बारीक प्रश्न विचारत होते. मामीने एकच विचारला.

"आणि त्याची बायको रे?"

मी खरे ते सांगितले. मामी थोडा वेळ गप्प राहिली. मग मामांकडे पाहून म्हणाली, "तुम्ही निदान रात्री जेवायला तरी घरात येत होता."

मामा हसले नाहीत. खालच्या मानेने म्हणाले, "तू हाक मारायचीस म्हणून."

मामी उठली. ताटात उरलेली दोन झेंडूची फुले तिने उचलली. एक येझदीच्या टाकीवर ठेवले आणि दुसरे, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, फळीवरच्या त्या बिस्किटाच्या डब्यावर.