मनमाडची पाच विधाने : एक भाष्य

नाशिक जिल्ह्यातील मनमाड जंक्शनला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नाशकातला काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०–३५) आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) या दोन्ही गोष्टी याच जिल्ह्यातल्या. मनमाडला मात्र प्रश्न देवळाचा नव्हता, नोकरीचा होता. अध्यक्षीय भाषणातली पाच विधाने येथे क्रमाने घेतली आहेत. विधानांत आशय दिला आहे. तो शब्दशः उतारा नाही.

१. आजवर आपण अस्पृश्य म्हणून जमलो. आज कामगार म्हणून जमलो आहोत.

मांडवात बसलेली माणसे तीच होती, बदलली होती ती जमण्यामागची भूमिका. यात पहिली ओळख टाकून दिलेली नाही. तिच्या शेजारी दुसरी आणून ठेवली आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये काढलेल्या पक्षाला बाबासाहेबांनी ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ हे नाव दिले, त्यातही जातीचा उल्लेख नव्हता. पण ‘कामगार म्हणून’ जमायचे, तर अस्पृश्यांची निराळी परिषद कशाला? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर चौथ्या विधानात येते.

२. कामगारांचे शत्रू दोन : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

हे विधान सर्वांत जास्त सांगितले जाते आणि बहुतेक वेळा अर्धवट सांगितले जाते. वक्त्याने लगेच पुढे खुलासा केला होता : ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, आणि तो सगळ्याच जातींत भिनलेला आहे. हा खुलासा गाळला की विधान सोपे होते आणि बोथटही. खुलाशासह वाचले, तर आरोपी केवळ मालक राहत नाही, शेजारच्या यंत्रावरचा सोबतीही आरोपी ठरतो. भांडवलशाही गेली की जात आपोआप जाईल, असे मानणाऱ्यांना ‘दोन’ ही संख्याच उत्तर देते.

३. ब्राह्मणशाही केवळ रोटी-बेटीच्या व्यवहारात नसते. ती रोजगारही हिरावते.

भाषणाचे सारे वजन येथे आहे, कारण दाखले थेट कामावरचे आहेत. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागे आणि बहुधा जन्मभर गँगमनच राही. स्टेशनावर त्याला हमाल होता येत नसे, कारण हमालाला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि तेथे विटाळ आडवा येई. मॅट्रिक झाला तरी कारकुनी मिळणे कठीण, आणि वर्कशॉपमध्ये वरच्या जागा बंद. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे साचे खाते (विणकाम विभाग) त्याला बंद होते. कांडी बदलताना धाग्याला तोंड लागे, म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध असे.

अमेरिकेत याच्या उलटे चित्र दिसे. पुलमन कंपनीच्या शयनडब्यांत हमालाचे काम काळ्या माणसांसाठी जणू राखीव होते, कारण त्यांनी गोऱ्या प्रवाशांची चाकरी करावी अशीच अपेक्षा होती. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या हमालांनी १९२५ मध्ये संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. तिथे चाकर म्हणून जागा मिळे, इथे चाकर म्हणूनही मिळत नसे. दोन्हीकडे काम ठरे ते जन्मावरून.

४. फूट आम्ही पाडत नाही. ती आधीपासून आहे.

पहिल्या विधानातल्या शंकेचे हे उत्तर. १९२८ च्या गिरणी संपात साचे खात्यातली बंदी उठवण्याची मागणी मागणीपत्रात यावी, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. एकीच्या नावाखाली जिथे तक्रारच दाबली जाते, तिथे निराळी बैठक हाच बोलण्याचा मार्ग उरतो.

फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी दुसरा मार्ग धरला. मालक तिथे काळ्या आणि गोऱ्या टोळ्या वेगळ्या ठेवून एकमेकींविरुद्ध वापरत. १९१३ च्या संपातून उभ्या राहिलेल्या ‘लोकल ८’ या युनियनने टोळ्याच मिसळल्या. तिचे सर्वांत नावाजलेले पुढारी बेन फ्लेचर हे काळे गोदी कामगार. तिथली एकी केवळ सभेतल्या ठरावावर उभी नव्हती; जहाजावर माल चढवणारी टोळीच मिश्र होती. मनमाडचा आक्षेप नेमका हाच : आपल्या युनियनांनी ठराव केले, टोळ्या तशाच ठेवल्या.

५. कामगारांनी राजकारणात उतरले पाहिजे.

केवळ युनियनच्या बळावर युनियनचे हितसुद्धा राखता येत नाही, हा यामागचा विचार. त्याची कसोटी नऊ महिन्यांत लागली. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधने आणली, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. फूट पाडण्याचा आरोप ज्यांच्यावर होता, तेच संयुक्त संपाच्या अग्रभागी होते. विधेयकाचा कायदा झालाच.

म्हणजे निराळ्या परिषदेने संयुक्त लढा अडवला नाही. पण संयुक्त लढ्यानेही साचे खात्याचे दार उघडले नाही. मनमाडच्या भाषणातून कामगार-एकीचे एक कठोर माप मिळते : संपाच्या दिवशी मैदानात किती जण जमले, यापेक्षा संप मिटल्यावर कोणत्या यंत्रापाशी कोणाला उभे राहू दिले, यावर ती एकी मोजावी.